माळेतला एक बल्ब

वायू आणि वाफा ओळखणाऱ्या सेन्सरांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण अमेरिकेतल्या एमआयटीचे रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वॅगर यांचा स्फोटकं हुंगणारा पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) दोन ओळींत उरकलाय. खरी गंमत तिथेच आहे हो! हा पॉलिमर अतिनील प्रकाशात चमकतो. टीएनटी या स्फोटकाचा रेणू त्याच्या साखळीला कुठेही चिकटला, की आख्ख्या साखळीची चमक जाते. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात, तसंच. म्हणून तर हवेच्या अब्ज रेणूंत काही मोजके रेणू इतकी विरळ वाफही सापडते. १९९८ मध्ये हे संशोधन छापून आलं, आणि त्यावर बेतलेलं 'फिडो' नावाचं यंत्र पुढे अमेरिकी सैन्याने इराकमध्ये वापरलं.

मात्र लेखातलं 'सगळे सेन्सर सारखेच' हे पटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात टिन ऑक्साइडच्या सेन्सरचा स्वस्तातला गॅस अलार्म आहे. परवा ओट्यावर सॅनिटायझर सांडलं आणि तो बोंबलायला लागला. सासूबाई रेग्युलेटर बंद करून थेट जिन्यात! त्याला एलपीजी काय नि अल्कोहोल काय, दोन्ही एकच.

पुढच्या भागात पवईच्या आयआयटीत घडलेल्या 'नॅनोस्निफर' या स्फोटकं शोधणाऱ्या यंत्राबद्दलही लिहा. २०२१ मध्ये आलंय ते.