गोखले नुसते अर्ज करत होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन आहेत: गोपाळ कृष्ण गोखल्यांचं राजकारण अर्जविनंत्यांचं होतं, १८९७ साली त्यांनी सरकारची माफी मागितली, आणि मी ज्याचं कौतुक केलं ते शिक्षण विधेयक पडलंच.

आधी माफी. प्लेगच्या तपासणीत सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं पुण्याहून गोखल्यांना विलायतेत मिळाली आणि त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात जाहीर केलं. ते परतले तोवर प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या गोऱ्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, टिळकांना अटक झाली होती, पुण्यातले सरदार नातू बंधू विनाचौकशी कोठडीत होते. त्या पुण्यात साक्षीला कोण उभं राहणार? पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी माफी मागितली. पण पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सरकारला दिली नाहीत. माफीचे शब्द फार नमते होते, हे मलाही खटकतं. पण सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं, हे विसरून कसं चालेल?

अर्जविनंत्यांचं म्हणाल, तर व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलातलं त्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण जरूर वाचा. सरकार शिलकीचा डांगोरा पिटत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं, की दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळला म्हणून ही शिलक दिसते. मिठावरच्या कराचा पिच्छा त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण कौन्सिलात त्यांच्याइतकी तयारी करून बोलणारं दुसरं कोण होतं?

आता विधेयक. १९११ साली त्यांनी मागितलं ते फार थोडं होतं: सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण, तेही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तिथेच; महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती सुरू करून १९०६ मध्ये ती संस्थानभर नेली होती. म्हणजे ‘हे इथे जमायचं नाही’ हे सरकारचं म्हणणं शेजारच्या संस्थानानेच खोटं ठरवलेलं.

१९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, हे खरं. पण ते कौन्सिल कसं होतं? सरकारी सभासदांचं बहुमत कायद्यानेच राखलेलं. विरोधात आपले काही जमीनदारही होते, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले; १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात जवळपास याच धर्तीचा कायदा मंजूर करून घेतला.