वजनावरून वेल्डिंग मशीन ओळखणाऱ्यांसाठी

परवापासून एक मेसेज फिरतोय, फॅब्रिकेशन करणारे, शेतकरी, सगळ्यांच्या ग्रुपवर, मला एकट्यालाच चार जणांकडून आला. म्हणणं थोडक्यात असं: इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन ही निव्वळ फसवणूक, पाच किलोच्या डब्यातून 200 अँपिअर निघूच शकत नाही, खरी ताकद जुन्या जड मशीनमध्ये, करंट जेवढा जास्त तेवढा जोड पक्का, आणि व्होल्टेज कमी असतं म्हणून वेल्डिंगचा शॉक काही करत नाही. बाकीचं सोडून दिलं असतं, पण शेवटचं वाचून गप्प बसवेना.

आधी वजन. जुनं मशीन जड का, तर त्यातला ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर चालतो आणि फ्रिक्वेन्सी कमी असली की लोखंडाचा कोर मोठा लागतो, तांबंही जास्त लागतं. इन्व्हर्टरमध्ये 230 व्होल्ट एसीचं आधी डीसी करतात, ते साधारण 325 व्होल्ट होतं, मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तेच सेकंदाला 20 हजार किंवा त्याहून जास्त वेळा चालू-बंद करतात, त्यामुळे पुढचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा असला तरी भागतं, आणि शेवटी परत डीसी करून रॉड धरायच्या होल्डरला. म्हणजे तांबं कोणी ढापलेलं नाही, तेवढं लागतच नाही. (नावात इन्व्हर्टर आहे म्हणून एक गिऱ्हाईक मला बॅटरी कुठं बसवायची विचारत होतं, लाइट गेल्यावर वापरणार होतं म्हणे.)

आता 200 अँपिअर. इथं मेसेज अर्धा बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं दिलंय. त्यात विचारलेला "15 अँपिअरच्या सॉकेटमधून 120 कसे येतील" हा प्रश्नच चुकीचा, व्होल्ट उतरवले की अँपिअर चढतात, ट्रान्सफॉर्मरचं कामच ते. हिशोब करा ना. 120 अँपिअरला आर्कवर, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीवर, साधारण 25 व्होल्ट असतात, म्हणजे 3000 वॅट. मशीनमधला लॉस धरला तर साडेतीन हजार, 230 व्होल्टवर 15 अँपिअर, आणि स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामाला किती लागतो ते) वाईट असतो म्हणून प्रत्यक्षात 20-22 सुद्धा ओढतं. म्हणून अडीच मिमीची रॉड 75-80 अँपिअरवर घरच्या पॉवर पॉइंटवर निवांत चालते, सव्वातीन मिमीच्या रॉडला एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) कधीही पडू शकतो, आणि पूर्ण 200 काढायचे तर नुसत्या आर्कलाच साडेपाच हजार वॅट लागतात, ते त्या सॉकेटमधून खरंच येत नाहीत. पण तो दोष डब्याच्या वजनाचा नाही, वायरिंगचा आणि पुढच्या बाजूला मोठे आकडे छापणाऱ्यांचा. मशीन घेताना मागची पट्टी वाचा, 60 टक्के ड्युटी सायकलला किती अँपिअर लिहिलेत ते. 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटं वेल्डिंग, 4 मिनिटं आराम. जड मशीनलाही हाच नियम.

करंट वाढवला की जोड पक्का, हे तर आमच्याकडं नवीन आलेलं प्रत्येक पोरगं करतं. 16 गेजचा पातळ चौकोनी पाइप, अडीचची रॉड, नॉब 120 वर. अर्धी रॉड संपेपर्यंत उरलेली लालभडक, फ्लक्सचे, म्हणजे रॉडवरच्या लेपाचे, तुकडे पडायला लागतात, टाक्याच्या कडेला खाच पडते, आणि पाइपला भोक. मग ते भोक बुजवायला अजून अर्धी रॉड. वरून ग्राइंडर मारून रंग लावला की गेट झकास दिसतं, आणि दोन पावसाळ्यांनी बिजागरीपाशी त्याच खाचेतून चीर जाते. करंट रॉडच्या पुड्यावर लिहिलेला असतो, पुडा फेकायच्या आधी वाचायचा.

आणि शॉक. आर्क चालू असताना 20-25 व्होल्ट असतात हे खरं, पण शॉक तेव्हा लागत नाही, रॉड बदलताना लागतो. आर्क तुटली की होल्डरवर नो-लोड, म्हणजे आर्क नसतानाचं, व्होल्टेज येतं, बहुतेक मशीनला 60 ते 80. घामानं भिजलेला हातमोजा, ओल्या फरशीवर गुडघा टेकलेला, दुसरा हात ग्रीलवर, आणि उघड्या बोटांनी नवीन रॉड अडकवताय. मला असाच एकदा बसलाय, जुन्या एसी मशीनवर, बाहेर पाऊस चालू असताना, होल्डर सुटेना, शेजारच्यानं मेन स्विच पाडला म्हणून हे टाइप करतोय. अंग ओलं असलं की कातडीचा रेझिस्टन्स एकदम उतरतो आणि 80 व्होल्ट माणूस मारायला पुरतात, त्यातही तेवढ्याच व्होल्टेजला एसी हा डीसीपेक्षा वाईट. बऱ्याच इन्व्हर्टर मशीनवर व्हीआरडी नावाचा भाग असतो, तो आर्क नसताना व्होल्टेज आपोआप खाली आणतो. मेसेजमध्ये ज्या जड मशीनचं एवढं कौतुक चाललंय त्यात तो सहसा नसतोच.