‘पार्किंग द्या, बाकी आमचं आम्ही पाहतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उतरती कळा लागलेल्या बाजारपेठा सावरण्यावरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कॅनडातल्या टोरांटोचं उदाहरण आपल्या पेठेला लागू पडत नाही. गिऱ्हाईक तुटलं ते गाडी लावायला जागा नाही म्हणून. फुटपाथ, दिवे, कुंड्या ही ठेकेदाराची सोय आहे. आणि उद्या रस्ता खरंच सुधारला, तर भाडी वाढून आमच्यासारखे जुने दुकानदारच आधी बाहेर पडतील. शेवटी तुम्ही विचारलंत की सुरुवात करायची कुणी.

भाड्याचा मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा होता. तो राहिला, ही माझी चूक. त्याकडे खाली येतो. पण टोरांटोचं उदाहरण दिलं ते कुंड्यांसाठी नव्हतं. ती कथा वर्गणीची आहे, आणि आपल्याकडच्या व्यापारी संघांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

टोरांटोतल्या ब्लूर रस्त्याच्या पश्चिम टोकाला छोटी दुकानं दाटीने उभी आहेत. पूर्वी या रस्त्यावरून ट्राम जायची. ट्रामच्या खिडकीतून दुकानं दिसायची, थांब्यावर उतरलेला माणूस जाता जाता पाव, भाजी असं काही घेऊन घरी जायचा. १९६६ मध्ये ब्लूर-डॅनफोर्थ ही भुयारी रेल्वे सुरू झाली, १९६८ मध्ये ती पश्चिमेला आणखी पुढे गेली आणि ट्राम बंद झाली. रोजची माणसं जमिनीखालून जाऊ लागली. त्याआधी १९६४ मध्ये यॉर्कडेल हा मोठा मॉल उघडला होता, भरपूर पार्किंगसह. तेव्हा गाडीवाला मॉलकडे वळला आणि पायी येणारा भुयारात गेला. उड्डाणपूल किंवा मेट्रो झाल्यावर खालची दुकानं ओस पडलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र परकं वाटणार नाही.

तिथेही व्यापारी संघ होता. वर्गणी ऐच्छिक होती. काही जण भरायचे, बाकीचे त्याचा फायदा घ्यायचे, आणि भरणारे एक दिवस कंटाळायचे. म्हणून त्यांनी कायद्यात सोय मागितली. डिसेंबर १९६९ मध्ये ओंटारियो प्रांताने कायदा बदलला आणि १९७० मध्ये ‘ब्लूर वेस्ट व्हिलेज’ हे जगातलं पहिलं ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया’, म्हणजे व्यवसाय सुधारणा क्षेत्र, ठरलं. ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिक मालमत्तेकडून जादा वर्गणी महापालिका कराबरोबरच वसूल करते आणि ती सगळी त्या क्षेत्राच्या मंडळाला देते. अंदाजपत्रक आधी सभासदांच्या सभेत, मग पालिकेत मंजूर होतं. भाडेकरू दुकानदारही सभासद असतो. आजच्या ओंटारियो कायद्यात नकाराचा रस्ताही आहे : नोटीस निघाल्यापासून ६० दिवसांत एक-तृतीयांश लोकांनी हरकत घेतली, आणि त्या भागातल्या कराचा किमान एक-तृतीयांश वाटा त्यांचा असला, तर ठराव होत नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने हीच पद्धत आली. तिथे थेट मतदान होतं आणि ‘हो’ म्हणणारे संख्येनेही जास्त लागतात, करपात्र मूल्यानेही. दर पाच वर्षांनी पुन्हा मत घ्यावं लागतं.

आपल्याकडे मालमत्ता करासोबत अशी रस्त्यापुरती वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था नाही. तुमचा आक्षेप इथे बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. मग करायचं काय? सक्ती करता येत नसेल तर हिशेब उघडा ठेवावा लागतो, आणि वर्गणी दुकानागणिक सारखी न ठेवता दर्शनी रुंदीवर ठेवावी लागते. आठ फुटी गाळ्याला आणि तीस फुटी शोरूमला एकच पावती फाडली की लहान दुकानदार पहिल्याच महिन्यात अंग काढून घेतो. समजा १२० दुकानं आहेत, सरासरी रुंदी १० फूट, फुटाला महिना ५० रुपये. पूर्ण वसुली झाली तर ६०,००० रुपये. ती होणार नाही, म्हणून ७० टक्के धरून ४२,००० चंच अंदाजपत्रक करा. १०० टक्के धरून केलेलं अंदाजपत्रक चौथ्या महिन्यात सफाई कामगाराचा पगार थकवतं, आणि पगार थकला की रस्ता पुन्हा होता तसा होतो. खातं नोंदणीकृत संस्थेच्या नावावर हवं. संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. कुणा एकाच्या बचत खात्यात पैसे जमा करू नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी संशयाला जागा राहते, आणि वर्गणी संशयानेच बुडते.

आता पार्किंग. गिऱ्हाईक गाडीने येतं असं दुकानदाराला वाटतं, कारण जागा मिळाली नाही अशी तक्रार करतो तो गाडीवाला. चालत आलेला काही बोलत नाही. ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा आकडा २२ टक्के निघाला. त्याच ब्लूर रस्त्याच्या ॲनेक्स भागातल्या पाहणीत, जिचा अहवाल २००९ मध्ये आला, गाडीने येणारे जेमतेम १० टक्के होते. चालत आणि सायकलवर येणारे महिन्यातून जास्त वेळा यायचे आणि एकूण खर्चही जास्त करायचे.

हे आकडे तुमच्या पेठेला लावा असं मी म्हणत नाही. तुमचा आकडा तुम्ही मोजायचा. बुधवार, शनिवार आणि आठवडी बाजाराचा दिवस असे तीन दिवस निवडा. सकाळी ११ ते रात्री ९, दर तासाला फक्त १५ मिनिटं, एका ठरलेल्या रेषेवरून जाणारी माणसं कागदावर काट्या मारून मोजायची. बायका, पुरुष, मुलं, म्हातारी माणसं वेगळी लिहायची. मोजणारे कॉलेजचे विद्यार्थी असावेत, दुकानदार नकोत. स्वतःच्या दारासमोरची गर्दी दुकानदार कमीच लिहितो. त्याच वेळी खरेदी करून बाहेर पडणाऱ्याला चार प्रश्न : कसे आलात, कुठून आलात, महिन्यातून किती वेळा येता, इथे महिन्याला साधारण किती खर्च होतो. तीनशे लोकांची उत्तरं मिळाली की चर्चेला जमीन मिळते. सणाच्या आधीचे १५ दिवस मात्र टाळा, नाहीतर आकडे फुगतात.

तिसरी मोजणी उभ्या गाड्यांची, आणि ती सगळ्यात अवघड जाते. सकाळी १० वाजता गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहा, मग दर अर्ध्या तासाने पुन्हा. दुकानासमोरची जागा दिवसभर कुणी अडवली हे कागदावर येतं, आणि बऱ्याचदा ती गाडी दुकानदाराची किंवा नोकराची असते. सकाळी १० ते रात्री ९ म्हणजे ११ तास. अर्ध्या तासाची मर्यादा पाळली तर त्याच जागेवर दिवसात २२ गिऱ्हाइकांच्या गाड्या लागू शकतात. शिवाय एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. म्हणजे पार्किंगची मागणी करण्याआधी मालक-नोकरांच्या गाड्या मागच्या बोळात किंवा एखाद्या शाळेच्या पटांगणात हलवा. यासाठी महापालिकेची वाट पाहावी लागत नाही.

फुटपाथबद्दलचा तुमचा राग मला समजतो. चुकीचा फुटपाथ दुकान बुडवतो, अक्षरशः. डांबरावर डांबर चढत जातं, रस्ता उंचावतो, त्याला जुळवून फुटपाथ उंचावतो आणि पहिल्या पावसात पाणी ओट्यावरून आत येतं. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो फरशीच्या रंगाचा नाही, पातळीचा. प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी नकाशावर मांडलेली आहे का? जुना डांबराचा थर खरवडून मगच नवा घालणार का? भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको, आणि बाजारपेठेत चालायला किमान अडीच मीटर मोकळी रुंदी हवी. हे अडीच मीटर म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, खांब, झाड, पायऱ्या आणि बाहेर मांडलेला माल सोडून उरलेली जागा. जुन्या पेठेत दोन्ही बाजूंना एवढी रुंदी निघत नसेल, तर दोन्हीकडे निरुपयोगी पट्ट्या करण्यापेक्षा एका बाजूला सलग नीट वाट करावी, असं माझं मत आहे.

दुसरं बिघडतं ते खोदाईमुळे. फरशी बसते आणि सहा महिन्यांत केबलवाला ती उखडतो. पुन्हा बसवताना खालची वाळू-खडी नीट दाबत नाहीत, फरशी हलते, पावसाळ्यात पाणी उडतं. यावर इलाज एकच : फरशीच्या आधी रिकामे पाइप टाका, अंतराअंतरावर चेंबर ठेवा, आणि वीज, पाणी, ड्रेनेज व केबल या सगळ्यांकडून लेखी घ्या की त्यांचं काम संपलं आहे. काम ४०-५० मीटरच्या तुकड्यांत, एका वेळी एकाच बाजूला. दिवाळीनंतर सुरुवात, मे अखेरीस शेवट. प्रत्येक दारापुढे भक्कम फळी किंवा लोखंडी पत्रा टाकून देणं निविदेतच लिहून घ्या. सबंध रस्ता एकदम खोदला तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेची वाट धरतं, आणि लागलेली सवय सहज सुटत नाही.

यातल्या कशालाही पैसे नसतील तर दिवे लावा. दुकान बंद झाल्यावर पाटीखाली ९ वॅटचा एक एलईडी रोज चार तास चालू ठेवला तर महिन्याला साधारण एक युनिट वीज लागते. साठ दुकानांनी हे केलं तर रात्री साडेदहाला बाई एकटी त्या रस्त्याने घरी जाऊ शकते, आणि ज्या रस्त्याने ती रोज जाते तिथेच ती खरेदीही करते.

पथारीवाल्यांना आधी उठवा, असं तुमच्या प्रतिक्रियेत मधेच एक वाक्य आहे. ते मला मान्य नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षणात नैसर्गिक बाजार म्हणून नोंदलेली जागा ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही, आणि हलवायचं झाल्यास ३० दिवसांची नोटीस लागते. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले असतात. तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीला पहिल्या बैठकीपासून शेजारी बसवा. गजरा, भाजी आणि फळं यांच्यासाठी रोज येणारी माणसंच तुमची भांडी आणि कापड बघत जातात. जागा आखा, माप ठरवा, दुकानाचं दार मोकळं ठेवा. एवढं झालं तर दोघांचाही धंदा होतो.

आता भाडं. ओंटारियोत दुकानांच्या भाड्यावर नियंत्रण नाही, त्यामुळे रस्ता चढला की भाडं चढतं आणि करार संपताच जुनं दुकान जातं. तुमची भीती खरी आहे. आपल्या पेठेत मात्र तीन वेगळे गट आहेत. स्वतःचा गाळा असलेल्यांना ही भीती नाही. जुन्या भाडेकरूंना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे आणि तिथे वाढ वर्षाला ४ टक्के. उघड्यावर आहेत ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाले, म्हणजे बहुधा तरुण, नवे आणि पेठेत जीव आणणारे. म्हणून काम सुरू होण्याआधी, भाव चढण्याआधी, त्यांनी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करून घ्यावा आणि दरवर्षीची वाढ त्यात आकड्यात लिहून घ्यावी. काम संपल्यावर हे मागायला गेलात तर उशीर झालेला असतो.

बंद शटरचंही मूळ बहुतेकदा याच कायद्यात सापडतं. विनाकारण सलग सहा महिने वापर नसेल तर मालक ताबा मागू शकतो, म्हणून जुना भाडेकरू अधूनमधून शटर वर करतो आणि गाळ्याचं गोदाम होतं. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर तेही निष्कासनाचं कारण, म्हणून तो दुसऱ्याला देतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८ पासून मार्कस वेस्टबरी यांच्या ‘रिन्यू न्यूकॅसल’ने रिकामी दुकानं कारागिरांना दिली ती ३० दिवसांच्या परवान्यावर, मालकाने मागितलं की परत. मालकाला भाड्यापेक्षा ताब्याची काळजी जास्त असते, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे परवानाधारकाकडून झटपट ताबा मिळण्याची तरतूद राहत्या घरांपुरती आहे, दुकानाला ती नाही, त्यामुळे मालकाची धास्ती समजण्यासारखी आहे. म्हणून मालक, भाडेकरू आणि वापरणारा अशा तिघांच्या सह्यांनी, नोंदणी करून, फक्त गणपती ते दिवाळी एवढ्या हंगामापुरतं द्या. आकाशकंदील, पणत्या, बचत गटाचा फराळ. त्या साधारण दोन महिन्यांत विश्वास बसला तर पुढचं बोलणं सोपं जातं.

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला होता. असा एक दिवस तुम्हीही मागू शकता : वाहतूक शाखेची परवानगी, पालिकेचं ना-हरकत पत्र, आणि अग्निशमन बंबासाठी मधोमध साधारण चार मीटर मोकळी पट्टी. फक्त रस्त्यात स्टेज आणि ध्वनिक्षेपक नको, बाहेरून आणलेले खाण्याचे स्टॉलही नकोत. नाहीतर गर्दी होते, ती खाऊन जाते, आणि कापडवाल्याची त्या संध्याकाळी भवानीही होत नाही. प्रत्येक दुकानाने आपल्याच दारात एक टेबल मांडायचं, एवढंच.

सुरुवात कुणी करायची? सबंध पेठेने नाही. समोरासमोरच्या दहा-बारा दुकानांनी. बैठक दुपारी दोन ते चार, दुकानं बंद असतात तेव्हा, आणि कुणाच्या घरी नाही, एखाद्या गाळ्यातच. पहिल्या बैठकीत फक्त तीन गोष्टी ठरवा : मोजणीचे दिवस, आपापल्या गाड्या कुठे लावायच्या, आणि दिवे किती वाजेपर्यंत ठेवायचे. वर्गणीचा विषय मोजणीचे कागद हातात आल्यावर काढा. महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्चाचा एक कागद प्रत्येक गल्ल्यामागे चिकटवा, वर्गणी न देणाऱ्यालाही द्या. तुम्ही मोजणी केलीत तर तिन्ही दिवसांचे तक्ते इथेच प्रतिक्रियेत टाका, मी वाचून उत्तर देईन.