पंच्याण्णव टक्के तयार

खोकं दारात ठेवताना पोस्टमनने विचारलं, "पडद्याचा रॉड?" मी म्हटलं, "बंदूक." तो "ओ, नाइस," म्हणाला आणि निघून गेला. पेनसिल्व्हेनियात माणसं बंदुकीपेक्षा अंड्यांच्या भावाला जास्त दचकतात.

बायको मात्र दचकली. "हे पाच फुटी काय आणलंस?"

"अगं, किट आहे. जुनी इंग्लिश बंदूक, पाखरं मारायची. अठराव्या शतकातली. म्हणजे तशी. नळी, दस्ता, चकमक, सगळं त्यात येतं. ९५ टक्के तयार असते, आपण फक्त जोडायची."

इथे एक खुलासा करायला हवा. मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि बायको दुसऱ्या कंपनीत टेस्टिंगला. "जवळजवळ झालंय, थोडंच राहिलंय," हे वाक्य बोलण्याचा पगार मला मिळतो आणि ते खोटं पाडण्याचा तिला.

"उरलेले पाच टक्के कधी?"

"दोन वीकएंड. फार तर तीन."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चचा तिसरा रविवार पेनाने गोल केला. त्यानंतर ते कॅलेंडर उतरलं, नवीन लागलं, आणि त्यातलाही मार्च उलटून गेला.

आता हे खूळ आलं कुठून? मुलगी कॉलेजला गेली, डॉक्टर म्हणाले स्क्रीन कमी करा. माझ्या वयाचे लोक अशा वेळी तबला शिकतात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीवर जातात. मी व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्ग, म्हणजे अठराव्या शतकासारखं जपून ठेवलेलं गाव, बघायला गेलो. तिथे बंदूककारागिराचं एक दुकान आहे, अठराव्या शतकातल्या हत्यारांनी आजही काम चालतं. एक माणूस लाकडावर पटाशी चालवत होता आणि अर्ध्या तासात त्याने एकदाही फोनकडे पाहिलं नाही. मला वाटलं, मोक्ष म्हणतात तो हाच.

शिवाय रक्तात होतंच. कोकणातल्या आमच्या घरी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरं आणि माकडांसाठी. पण माकडांसाठी ती जेवढी बाहेर पडली त्याहून जास्त निवडणुकांसाठी पडली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने न्यायचे. एकदा कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्यांनी कलेक्टर कचेरीत जन्मभर खेटे घातले. इकडे अमेरिकेत १९६८च्या केंद्रीय कायद्याच्या लेखी गारगोटीच्या ठिणगीने उडणारी जुनी बंदूक आणि तिची आजची नक्कल ही मुळी बंदूकच नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे, पण माझी तरी पडद्याच्या रॉडसारखी दारात आली. आजोबांना हे कळतं तर त्यांनी आणखी एक खेटा घातला असता, नुसता भांडायला.

खोकं उघडलं. अक्रोडाच्या लाकडाचा लांबलचक दस्ता, ढोबळ कोरलेला. बेचाळीस इंचांची नळी, मागे अष्टकोनी आणि पुढे गोल होत जाणारी. पितळेचे ओबडधोबड तुकडे, वाळूच्या साच्यातून निघालेले, तसेच खरखरीत. स्क्रूंची पुडी. आणि सूचना म्हणून एक मोठा नकाशा, ज्यावर एकही वाक्य नव्हतं. फर्निचरच्या किटमध्ये निदान हसऱ्या माणसाचं चित्र तरी असतं.

नळी '२० बोअर'ची. हे माप मला फार आवडलं. एक पौंड शिशाच्या सारख्या वीस गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती वीस बोअरची. म्हणजे आकडा मोठा तितकी नळी बारीक. आमच्याकडे लग्नाच्या लाडवांचं माप असंच असायचं, किलोत वीस की किलोत पंचवीस. आचाऱ्याशी भांडणही त्यावरूनच व्हायचं.

पहिलं काम, नळी दस्त्याच्या खाचेत बसवणं. खाच मशीनने आधीच कोरलेली होती. नळी ठेवली. बसली नाही. तीन सूत वरच राहिली. ९५ टक्क्यांचा अर्थ मला तिथे कळला. खाच ९५ टक्के होती, नळी शंभर टक्के होती.

यावर उपाय काजळीचा. नळीच्या खालच्या बाजूला काजळी धरायची, ती अलगद खाचेत ठेवायची, लाकडी हातोडीने दोन टिचक्या मारायच्या, सरळ वर उचलायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटेल तिथे लाकूड नडतंय. तेवढाच ठिपका खरवडायचा, कागदासारखा पातळ पापुद्रा निघेल इतकाच. मग पुन्हा काजळी, पुन्हा ठेव, पुन्हा टिचकी, पुन्हा उचल. मी पहिल्या दिवशी मोजलं, एकशे चाळीस वेळा. दुसऱ्या दिवसापासून मोजणं सोडलं.

काजळी कुठून आणायची? एक तयार काळं मलम विकत मिळतं, पण मी कोकणातला. आई माझ्या डोळ्यांत घालायला एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं ठेवून काजळ धरायची. मी गॅरेजमध्ये समई लावली आणि नळी तिच्यावर धरली. नेमकी तेव्हाच बायको कपडे धुवायच्या मशीनकडे आली. नवरा गॅरेजमध्ये समईपुढे बंदुकीची नळी धरून बसलाय हे दृश्य तिने शांतपणे पाहिलं. "मुहूर्त बघितलास का?" एवढंच विचारून मशीन चालू केलं.

काजळीचा गुण असा की ती लाकडावर जिथे हवी तिथे एक ठिपका उमटवते आणि घरात जिथे नको तिथे दहा. फ्रिजचं हँडल, पांढरा टॉवेल, गाडीचं स्टिअरिंग. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये एका गोऱ्या सहकाऱ्याने अतिशय आदराने विचारलं, की माझ्या कपाळावर आहे तो आमच्यातला काही विधी आहे का. मी हो म्हणालो.

नळी बसायला जून उजाडला. तोवर आणखी एक प्रकार झाला होता. दस्त्याचा पुढचा भाग, जिथे लाकूड खाकऱ्याइतकं पातळ असतं, तो माझ्या कोपराचा धक्का लागून पाच इंच चिरला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मी खाली बसलो. बायकोने चीर पाहिली, आत गेली, गोंदाची बाटली आणि केसांच्या चार चापट क्लिपा घेऊन आली, चीर नीट दाबून धरली आणि म्हणाली, "हे टक्क्यांत धरायचं का?"

इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने कारागिराला किमान सात वर्षं शिकाऊ उमेदवारी सक्तीची होती. सात वर्षं! हे आधी वाचलं असतं तर कॅलेंडरवर मार्च गोल करू दिला नसता.

मग चकमक. आज मराठीत चकमक म्हटली की पोलीस आणि नक्षलवादी आठवतात, पण मूळ चकमक ही: घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी. चाप ओढला की घोडा पुढे झडप घालतो, गारगोटी पोलादाच्या उभ्या पात्याला खरवडते, पातं उलटतं, खालची वाटी उघडी पडते आणि ठिणग्या तीत सांडतात. वाटीत चिमूटभर बारीक दारू, जिला जुन्या मराठीत रंजक म्हणत. ती भडकते आणि तिची धग नळीच्या कुशीतल्या दीड मिलिमीटरच्या भोकातून आतल्या दारूपर्यंत पोचते. हे सगळं नीट जुळलं तर 'खट्ट-धडाम' इतकं सलग होतं की दोन आवाज वेगळे कळत नाहीत. नाही जुळलं तर वाटीतली दारू फस्सकन उडते, भुवया भाजतात आणि नळी गप्प. आपल्याकडे फुसका बार म्हणतात तो हा. आमच्या घरातली चकमक याहून पुष्कळ भरवशाची आहे, तिथे ठिणगी कधी वाया जात नाही.

गारगोट्या इंग्लंडहून आलेल्या होत्या. सफोक परगण्यातलं ब्रँडन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याला तिथले कारागीर काळ्या गारगोट्या फोडून पुरवत. मी डझनभर मागवल्या. पार्सलवरची पावती वाचून बायकोने चष्मा काढला. "तू दगड विकत घेतलेस?" आमच्या परसात नांगरताना निघणारे दगड आजोबा गडग्यावर फेकत, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

पितळेचं काम त्या मानाने सुखाचं गेलं. कानस मारायची, बारीक पॉलिश पेपर मारायचा, शेवटी पितांबरी. दस्त्याच्या मागचा पितळी पत्रा दिवाळीतल्या परातीइतका झळकला. याच काळात गॅरेजच्या खिडकीबाहेर बायकोने पाखरांसाठी दाण्यांची नळी टांगली. मी आत पाखरं मारायच्या बंदुकीवर कानस घासतोय आणि बाहेर लालभडक कार्डिनल पक्षी सूर्यफुलाच्या बिया फोडत माझ्याकडे बघतोय. ती दोघं एका बाजूला होती, याबद्दल मला शंका नव्हती.

मग नळीला रंग. त्या काळातली नळी तपकिरी करायची ती गंज चढवूनच. द्रावण लावायचं, दमट जागी टांगायचं, लाल गंज धरला की गोणपाटाने घासायचं, पुन्हा लावायचं. आठ-दहा दिवस. शेवटी खाण्याचा सोडा लावून गंजाला थांब म्हणायचं, आणि तेल. हे आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती तेव्हा विळीचं पातं राखेने घासत होती.

"गंजाचं औषध विकत घेतलंस?"

"हो."

"घालवायचं?"

"नाही गं. आणायचं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इकडे ये आषाढात. फुकट आहे."

दमट जागा म्हणजे पाहुण्यांची बाथरूम. नळी शॉवरच्या दांडीला टांगली, गरम पाणी सोडून वाफ केली, पडदा ओढला. नेमकी त्याच शनिवारी आमच्याकडे मंडळाची गणपतीची मीटिंग होती आणि ते मी साफ विसरलो. खजिनदार काकू हात धुवायला गेल्या. बाहेर आल्या त्या थेट सोफ्यावर बसल्या आणि गेल्या वर्षीच्या हिशेबाबद्दल त्यांचं जे म्हणणं होतं ते सगळं त्यांनी मागे घेतलं. मीटिंग इतक्या एकमताने कधीच पार पडली नव्हती.

दस्त्याला जवसाचं तेल. आमच्या घरात जवसाची चटणी नेहमीचीच, त्यामुळे वास ओळखीचा होता. जुने इंग्रज कारागीर या तेलाला एका मुळीने लाल झाक आणत. शोध घेतला तर ती निघाली आपली रतनजोत, किंवा तिची सख्खी चुलतबहीण. मी देशी दुकानात गेलो. "रोगन जोश करताय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लवकर बोलावलं.

एकच गोष्ट गंभीरपणे सांगतो. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून एकावर एक टाकू नयेत, ते आपोआप तापतात आणि पेट घेतात. माझे कचऱ्याच्या डब्यात होते. बायकोला डबा कोमट लागला. त्यानंतरच्या चकमकीत आधी म्हटल्याप्रमाणे एकही ठिणगी वाया गेली नाही.

पुढच्या मे महिन्यात बंदूक झाली. गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर गेलो. तिथे छातीपर्यंत पांढरी दाढी असलेले एक आजोबा नेहमी असतात, ठासणीवाल्यांचे गुरुजी. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळी बसवली होती तिथे नखाने चाचपलं आणि म्हणाले, "काजळी?" मी म्हटलं, "समईची." त्यांना समई समजली नसावी, पण मान हलली. त्या मानेसाठी मी आणखी चौदा महिने खरवडलं असतं.

बायकोने फोन सरसावला. मी ठासायला घेतलं. पुठ्ठ्याची जाड चकती, गजाने दाबली. छर्रे, त्यावर पातळ चकती, पुन्हा गज. वाटीत रंजक. घोडा मागे. नेम.

खट्ट. फस्स.

पांढऱ्या धुराचा एक गोळा निवांत वर गेला. पुन्हा रंजक. खट्ट, फस्स. भोकात सुई फिरवली, गारगोटी बदलली, पुन्हा खट्ट, पुन्हा फस्स. दाढीवाले आजोबा जवळ आले. त्यांनी गज नळीत सोडला, बाहेर उरलेली लांबी बोटाने मोजली आणि इतक्या हळू आवाजात, की मला शरम वाटू नये, विचारलं, "आत दारू घातली होतीस ना?"

चौदा महिने. दीड मिलिमीटरचं भोक. सातशे वेळा काजळी. दारूचा डबा माझ्या पायाशी, झाकणही न उघडलेला.

फोनमागून बायकोचा आवाज आला, "टेस्ट केस नंबर एक."

आजोबांनी भोकातूनच चिमटी-चिमटीने थोडी दारू आत सारली, म्हणाले, आता उडव, नळी मोकळी होईल. उडवली. दिवाळीत भिजलेल्या लवंगीचा होतो तसा आवाज झाला आणि छर्रे नळीतून बाहेर पडून पुढच्या गवतात सांडले. त्यानंतरचा बार मात्र खरा झाला, खट्ट आणि धडाम एकच, खांद्यापासून टाचेपर्यंत कळला. पण तोवर बायको हसून हसून बाकावर बसली होती आणि फोन तिच्या पर्समध्ये होता. त्यामुळे कुटुंबाच्या ग्रुपवर गेला तो फक्त पहिला व्हिडिओ.

रात्री आईचा आवाजी निरोप आला. मागे कोंबडा आरवत होता.

"बघितलं रे. छान झालीय. पाखराला लागलं नाही ना कुठल्या?"

मी कळवलं, नाही. छर्रे माझ्या बुटांपासून दहा पावलांवर पडले होते.