फुसका बार

"शनिवारी मोकळे आहात का? आमच्या ऑर्केस्ट्रात पाहुणे म्हणून या की."

पाहुणे म्हटलं की माणूस विरघळतोच. मी हो म्हणून बसलो आणि मग विचारलं, की वाजवायचं काय? "झांजा. द्वोर्झाकची नववी." फोन ठेवला आणि स्वरलिपी उघडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

द्वोर्झाक या चेक संगीतकाराने ही नववी सिंफनी अमेरिकेत असताना लिहिली. १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. चार भाग, साधारण चाळीस मिनिटं. त्यात झांजेला काम किती? एक घाव. तोही चौथ्या भागात, आणि वर खूण ‘मेझो फोर्टे’, म्हणजे बेताच्या जोराने. घरच्या बैठकीत एकदाच बोलायची संधी द्यायची आणि कानात सांगायचं, फार मोठ्याने नको हं.

या एका घावासाठी पाहुणा कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तर त्यांचा घरचा ट्रँगलवाला, वयाने ज्येष्ठ, एरवी दोन्ही सांभाळायचा. पण त्याचा खांदा धरला होता. ट्रँगल म्हणजे नुसती तिकोनी वाकवलेली पोलादी सळई, दोऱ्याला लटकवून दोन बोटांत धरता येतो, झांजांची जोडी तीनेक किलोंची. तेव्हा तिसऱ्या भागातला ट्रँगल त्याचा आणि चौथ्यातली झांज माझी, अशी वाटणी झाली. वाटणीत वाईट मलाच आलं, कारण त्याचं काम माझ्या आधी संपणार होतं. एकदा हात रिकामे झालेल्या माणसाचा सल्ला सुरू झाला की तो थांबत नाही.

पाहुण्याला तालमी अनेक मिळत नाहीत, शेवटची तेवढी मिळते. तिथे माझ्या स्टँडवर भाड्याने आणलेला कागद होता. भाड्याच्या कागदावर खुणा पेन्सिलीनेच करायच्या आणि परत देताना खोडायच्या, असा दंडक. तो कुणीच पाळत नाही, म्हणून माझ्या आधीच्या सगळ्या पाहुण्यांची हस्ताक्षरं तिथे नांदत होती. पहिल्या भागापुढे ‘टॅसेट’ छापलेलं, म्हणजे गप्प बसा. चौथ्या भागात विश्रांतीचे बारच बार, म्हणजे मात्रांचे रिकामे कप्पे. त्यापुढे पेन्सिलीने काढलेला चष्मा, म्हणजे संचालकाकडे बघा. पुढे आणखी एक चष्मा. मग एक भलामोठा, काड्यांसकट. आणि माझ्या एकुलत्या एका स्वराच्या डोक्यावर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं: ‘उठा’, ‘आत्ता!’ आणि ‘गेला’.

तालमीत चौथा भाग सुरू झाला. चाळिसाव्या बारच्या आसपास संचालकांनी काठी खाली ठेवली. "ट्रंपेट, फार लवकर. पहिल्यापासून." पुन्हा चाळीस. "व्हायोलिन, धावू नका. पहिल्यापासून." चौथ्या खेपेला मी झांजा छातीशी घेऊन उभाच राहिलो, तर ते म्हणाले, "छान. इथून पुढचं येतं आपल्याला. क्लॅरिनेटपासून घेऊ." माझा घाव क्लॅरिनेटच्या जरासा आधी. तालीम संपली तेव्हा मी सोडून सगळ्यांचं वाजवून झालेलं होतं.

मग बाहेर कोपऱ्यात एकट्यानेच आजमावून पाहिलं. दोन्ही झांजा अगदी समोरासमोर आपटल्या की मधली हवा कोंडते, त्या एकमेकींना चिकटतात आणि ‘फप्’ असा आवाज येतो, जड पुस्तक मिटल्यासारखा. कडा किंचित तिरक्या लागायला हव्यात. पहिला, फप्. दुसरा, फप्. आजवर फुसका बार हा शब्दप्रयोग मी इतरांसाठीच वापरला होता.

ट्रँगलवाले काका मागे उभे होतेच. म्हणाले, "मोजत बसू नका हो. मोजणारा चुकतो. त्या क्लॅरिनेटवाल्या बाईंकडे लक्ष ठेवा. त्यांनी वाद्य ओठांना लावलं की तुमचा बार आला."

शनिवारी रंगमंचावर माझ्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ट्युबावाला, ट्युबा म्हणजे ते अगडबंब पितळी फुंकवाद्य. तोही पाहुणाच. त्याला या सिंफनीत फक्त दुसऱ्या भागात काम, मोजून १४ स्वर. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "एक का? अरेरे." चौदा स्वरांचा माणूस एवढा माज करू शकतो हे मला नवं होतं. ओबोने सूर दिला, शिरस्त्याप्रमाणे ४४० हर्ट्झचा, आणि सगळे आपापलं वाद्य लावू लागले. झांजेला लावायचं काही नसतं. पण सगळे कामात असताना एकट्याने हात बांधून बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी गंभीर चेहऱ्याने चामडी पट्टा घट्ट केला.

पहिला भाग गप्प. दुसरा गप्प, ट्युबावाल्याने आपले चौदा उरकले आणि तो ऐसपैस बसला. तिसऱ्यात काकांनी ट्रँगल असा किणकिणवला की मला हेवा वाटला. चौथा सुरू झाला.

काका काहीही म्हणोत, मी मोजत होतोच. हात तबल्यावर वाढलेला. एका बारात चार मात्रा, चार बार म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. पंधरा आवर्तनं झाली की जागं व्हायचं, असा हिशेब बांधला होता. अकराव्या आवर्तनात बाईंनी क्लॅरिनेट उचलला.

मी ताडकन उभा राहिलो.

बाईंनी वाद्याच्या एका चावीखाली पातळ कागदाचा कपटा सरकवला, दाबला, काढला. भोकात साचलेलं पाणी टिपत होत्या. टिपून झाल्यावर वाद्य पुन्हा मांडीवर.

आता मी उभा. शंभरएक माणसांपुढे, तीन किलो पितळ छातीशी धरून, एकटा. बसावं तर खुर्ची कुरकुरते, हे मघाच कळलेलं. शिवाय उभा राहिलेला झांजवाला न वाजवता खाली बसला, तर लोकांनी काय समजावं? या विचारात बारावं आवर्तन कुठे गेलं कळलं नाही. डावीकडून ट्युबावाला मांडीवर चार बोटं दाखवत होता. उजवीकडून काका मान हलवत होते, नकारार्थी. चार बारांनी, की चार झाले? आणि काकांचा नकार मला होता की त्याच्या चारला? दंड थरथरू लागले. कडा एकमेकींना लागून बारीक ‘टिंग’ झालं. काकांनी चटकन आपल्या ट्रँगलकडे पाहिलं.

तेवढ्यात बाईंनी श्वास घेतला. मी कडा तिरक्या केल्या आणि घातला घाव.

फप् नाही झालं. छन्न झालं. मऊ, बेताचं, मेझो फोर्टे. मागोमाग क्लॅरिनेट सुरू झाला. त्यानंतर सिंफनी उरली होती नऊ-दहा मिनिटं. ती मी झांजा मांडीवर दाबून, आवाज होईल म्हणून पापणीही बेताने हलवत काढली.

टाळ्या झाल्या. ट्युबावाला म्हणाला, "एक बार उशीर." काका म्हणाले, "छे, जागेवर होता. आधी ती टिंग कसली?" संचालक हात मिळवायला स्वतः आमच्या कोपऱ्यात आले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "वा! ट्रँगल फार सुरेख."

काका दाराशी गाठून म्हणाले, "पुढच्या मोसमातही या. ब्रुकनरची सातवी सिंफनी आहे. झांजेचा एकच घाव, पण काय जागा! संथ भागाच्या अगदी कळसावर."

"मोठ्याने?"

"दणकून. फक्त तो वाजवायचा की नाही, यावर वाद आहे. मूळ हस्तलिखितात त्या जागी कुणीतरी ‘ग्राह्य नाही’ असं लिहून ठेवलंय. आमचे साहेब अजून ठरवतायत."

मी डायरीत नोंद केली आहे. पेन्सिलीने.