‘पोरांची पोटं कापणारे डॉक्टर’ : त्या मेसेजला उत्तर

‘पोरांची पोटं कापणारे डॉक्टर’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात भावकीच्या, पेठेतल्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : लठ्ठपणा हा आजार नाही, आळस आहे. अठराच्या आतल्या मुलांचं वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन हा गुन्हा आहे आणि अमेरिकेत त्यावर बंदी आली आहे. ऑपरेशननंतर मूल जन्मभर पेजेवर जगतं, मुलीला पुढे मूलबाळ होत नाही. सगळा डॉक्टरांचा धंदा. आणि उपाय काय, तर रात्रीचं जेवण बंद करा, रोज आरशासमोर उभं करून पोट दाखवा, लाज वाटली की वजन आपोआप उतरेल.

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या १६ वर्षांच्या भाचीने वाचला. तिला टाइप २ मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो. अक्का आणि दाजी या ऑपरेशनची चौकशी करून आलेत, करायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण मेसेज वाचल्यापासून पोरगी सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो आरसा. अख्ख्या मेसेजमध्ये सगळ्यात घातक काही असेल तर हा सल्ला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने वजनावरून हिणवण्याबद्दल २०१७ मध्ये स्वतंत्र भूमिका मांडली. हिणवलेली मुलं एका वेळी भरमसाट खातात, खेळायला बाहेर पडत नाहीत, दवाखाना टाळतात, आणि त्यांचं वजन आणखी वाढतं, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. लाजेने वजन उतरत असतं तर या मुलांचं कधीच उतरलं असतं. वर्गात, लग्नकार्यात, रिक्षात बसताना, कपड्यांच्या दुकानात, लाजवणाऱ्यांची त्यांना कधी कमी पडलेली नाही. आणि जेवण बंद? इन्सुलिन चालू असलेल्या मुलाचं रात्रीचं जेवण कुणी परस्पर बंद केलं तर साखर घसरून जिवावर बेतू शकतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकाही काका-मामाच्या हे डोक्यात आलं नाही?

आळसाचं म्हणाल तर १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचं वजन जन्मदात्यांशी जुळत होतं, वाढवणाऱ्या आईबापांशी नाही. डेन्मार्क लांबचं वाटत असेल तर गंगावेशीतल्या कुठल्याही वस्तादांना विचारा. एकाच तालमीत, तेवढ्याच जोर-बैठका, तोच खुराक, तरी एक पोरगं हलक्या गटात राहतं आणि दुसरं अंगाने भरत जातं. खाण्याचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. वडापाव, कोल्ड्रिंक, गेलेली मैदानं, हातातला मोबाइल, हे सगळं आहेच. पण एकदा वजन फार वर गेलं की शरीर ते सोडायला तयार नसतं. खाणं कमी केलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात. ही लढाई नुसत्या निर्धाराची राहत नाही.

बंदीची गोष्ट तर धडधडीत खोटी. जानेवारी २०२३ मध्ये त्याच अकादमीने उलट सांगितलं : १३ वर्षांपुढच्या, तीव्र लठ्ठपणा असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय द्या. तीव्र म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) साधारण ३५ आणि सोबत आजार, किंवा ४० च्या वर. पाच फूट तीन इंचांच्या मुलीचं वजन ९० किलोच्या आसपास, तेव्हा कुठे ३५ होतो. चार किलो जास्त असलेल्या गुबगुबीत पोरांचा इथे विषयच नाही.

‘अठरापर्यंत थांबा, मग तिचं ती ठरवेल’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं, आणि मला यातच सगळ्यात जास्त अडखळायला झालं. पण थांबण्याचीही किंमत असते. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना आली. १६१ जणांचं गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून अन्न पुढच्या आतड्यात वळवण्याचं वजनाचं ऑपरेशन) किशोरवयात झालं होतं. ३९६ जण किशोरवयापासूनच लठ्ठ होते, पण त्यांचं ऑपरेशन मोठेपणी झालं. पाच वर्षांनी वजन दोघांचंही सारखंच घटलेलं, २६ आणि २९ टक्के. मधुमेह असलेल्या किशोरांपैकी मात्र ८६ टक्क्यांचा तो मागे हटला, तशाच मोठ्यांपैकी ५३ टक्क्यांचा. दरम्यानच्या वर्षांची किंमत डोळे आणि मूत्रपिंडं मोजतात.

याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे आणि ती दडपणार नाही. शरीरातला लोहाचा साठा कमी झालेले किशोरांमध्ये ४८ टक्के होते, मोठ्यांत २९. पुन्हा पोटाची शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाणही किशोरांमध्ये जास्त. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं, आणि सोळा-सतराची पोरं गोळ्या चुकवतात. ज्या घरात हे सांभाळणारं कुणी नाही तिथे घाई करू नये.

पेज पहिले काही आठवडेच. नंतर नेहमीचं जेवण, थोडं आणि चावून. तांबडा-पांढराही खाता येतो, वाटी लहान होते इतकंच. मूलबाळाचं तर उलट आहे : वजन उतरल्यावर बिघडलेली पाळी अनेकींची सुधारते. पहिले १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत एवढीच अट.

धंद्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य. हायवेला लागलं की ‘बारीक व्हा’ची होर्डिंग्ज दिसतात. लग्न जमावं म्हणून पोरीचं जठर कापणं मला कधीच पटणार नाही, आणि सही आईबापांची असली तरी शरीर तिचं आहे. पण त्यावर इलाज खोटा मेसेज नव्हे, डॉक्टरांना समोर बसून विचारणं. अठराच्या आतली किती ऑपरेशन्स तुम्ही केलीत? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ बरोबर असतात का? पाच वर्षांनी तपासायला कोण असेल? आधी औषधं आणि खाण्यापिण्याचा नीट प्रयत्न झालाय का? आणि आम्हाला बाहेर बसवून तिला एकटीला विचारणार का, तुला हे हवंय का?