बीबीसीचा सोन्याचा काळ आणि त्यावर चढवलेला मुलामा

पालकांच्या गटांमध्ये एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गाभा असा: ब्रिटनमध्ये पूर्वी मुलांच्या भल्यासाठी संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंद ठेवत. बीबीसी सरकारी असल्यामुळे तिला ना स्पर्धा होती ना धंदा, म्हणून तिचे मुलांचे कार्यक्रम संथ आणि निर्मळ होते. मग १९९७ साली छोट्यांच्या कार्यक्रमातले ‘टेलिटबीज’ हे गुबगुबीत प्राणी बोबडं बोलत आले, त्यांच्या मागून बाजार आला आणि सगळं बिघडलं. आता तिथं मुलांसाठी काहीच उरलेलं नाही.

मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावं, ही काळजी रास्त आहे. पण त्या काळजीला आधार म्हणून जो इतिहास पुढे केला जातो, त्यात जवळजवळ प्रत्येक कारण चुकीच्या जागी बसवलेलं आहे.

आधी तो बंद तास. तो खरोखर होता. पाच वाजता मुलांचे कार्यक्रम, सहाला पडदा काळा, सातला पुन्हा सुरू. ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे चिमुकल्यांसाठीचा तह, असं त्याला म्हणत. टीव्ही संपला, आता झोपा, असं आईबापांना सांगता यावं ही त्यामागची कल्पना. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. तो तास टिकला का आणि गेला का, इथं मात्र गोष्ट वेगळी आहे. प्रक्षेपणाचे तास ठरवणं तेव्हा पोस्टमास्टर जनरल या मंत्र्याच्या हातात होतं. सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही सुरू झालं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं की रोजचा एक तास बंद म्हणजे रोजच्या एका तासाच्या जाहिराती बुडीत. बीबीसीचं गणित नेमकं उलटं होतं. तिचं उत्पन्न टीव्ही असलेल्या घरांनी भरायच्या लायसन्स फीचं. तास वाढला म्हणून फी वाढणार नव्हती, खर्च तेवढा वाढला असता. त्यामुळे बीबीसी त्या तहाला धरून बसली, यात मुलांच्या झोपेइतकीच तिजोरीचीही काळजी होती.

तो तास मोडीत काढणारा मंत्री होता चार्ल्स हिल. व्यवसायानं डॉक्टर, युद्धकाळात बीबीसी रेडिओवरूनच लोकांना आरोग्याचे सल्ले देणारा ‘रेडिओ डॉक्टर’. त्याचं म्हणणं सरळ होतं: मुलांना झोपवणं हे आईबापांचं काम, सरकारचं नव्हे. दोन्ही वाहिन्यांचं तारखेवर एकमत होईना, तेव्हा १६ फेब्रुवारी १९५७ ही तारीख त्यानंच ठरवून टाकली. त्या शनिवारी, मोकळ्या झालेल्या त्याच तासात, बीबीसीनं काय लावलं? ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ नावाचा तरुणांसाठीचा संगीताचा धांगडधिंगा. मुलांच्या निद्रेची तपश्चर्या करणारी संस्था पहिल्याच संध्याकाळी रॉक अँड रोल लावत नसते.

‘सरकारी’ या शब्दावर फार वेळ घालवायला नको. बीबीसी राजसनदेनं चालते, पैसा घराघरातल्या लायसन्स फीमधून येतो, आणि कार्यक्रम काय करायचे हे मंत्री ठरवत नाही. आपल्या डोळ्यांसमोर दूरदर्शन असतं, म्हणून हा घोळ होतो.

आता संथपणा. १९५० साली ‘अँडी पँडी’ आला. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली कळसूत्री बाहुली, टोपलीत राहणारी. मागे फ्रेडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड. लिंगस्ट्रॉमबाई १९५१ ते १९५६ बीबीसीच्या बालविभागाच्या प्रमुख होत्या, आणि छोट्यांसाठी सौम्य, गडबड नसलेलं काही करावं ही त्यांची मनापासूनची भूमिका होती. हे मान्य. १९५३ पासून अशा कार्यक्रमांना ‘वॉच विथ मदर’ असं एकच नाव मिळालं. पण ‘अँडी पँडी’चे काळ्यापांढऱ्यातले मिळून २६ भाग चित्रित झाले आणि १९७० पर्यंत तेच फिरवून फिरवून दाखवले गेले. बघणारी मुलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, मग नवीन कशाला काढा? या शांततेत काटकसरीचा वाटा चांगलाच होता.

आणि बोबडेपणा! तो १९९७ मध्ये आला म्हणणाऱ्यांनी १९५२ चे ‘फ्लॉवर पॉट मेन’ बघावेत. बिल आणि बेन हे कुंड्यांचे बनलेले दोन गडी ‘ऑडल पॉडल’ अशा स्वतःच्याच भाषेत बडबडत, आणि आमच्या मुलांची भाषा बिघडेल अशी तक्रार तेव्हाही झाली होती. ४५ वर्षांनी टेलिटबीजवर जी तक्रार झाली, तीच.

आणखी एक गोष्ट या चित्रात कुणी दाखवत नाही. १९५८ मध्ये हिल्डा हिमेलवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुलं आणि टीव्हीवरचा मोठा ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला. आवडता कार्यक्रम कोणता, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी मोठ्यांच्याच कार्यक्रमांची नावं घेतली. म्हणजे त्या सोन्याच्या काळातली मुलं अँडी पँडीपाशी बसून राहत नव्हती. संधी मिळाली की गुन्हे, घोडेस्वार आणि विनोदी मालिका बघत होती.

‘स्पर्धा नव्हती म्हणून दर्जा होता’ हा दावा मला सगळ्यात कच्चा वाटतो. बीबीसीचे जे कार्यक्रम आज आदरानं आठवले जातात, त्यांची वर्षं पाहा. ‘ब्लू पीटर’ १९५८, ‘प्ले स्कूल’ १९६४, गोष्टी सांगणारं ‘जॅकनोरी’ १९६५, मुलांच्या बातम्यांचं ‘न्यूजराउंड’ १९७२, शाळेवरची मालिका ‘ग्रेंज हिल’ १९७८. सगळे आयटीव्ही आल्यानंतरचे. अँडी पँडी आणि बिल-बेन सोडले, तर एकट्या बीबीसीच्या काळातलं ठळक नाव म्हणजे १९४६ चं ‘मफिन द म्यूल’: पियानोवर अ‍ॅनेट मिल्स, पियानोवरच नाचणारं लाकडी खेचर, आणि त्याच्या दोऱ्या अ‍ॅन होगार्थच्या हातात. गोड प्रकार होता. पण बाजार नंतर शिरला म्हणायचं तर मफिनची पुस्तकं आणि खेळणी तेव्हाच दुकानांत होती. मॅचबॉक्सच्या छोट्या मोटारींसाठी पुढे जगभर गाजलेल्या लेझ्नी कंपनीनं मफिनची धातूची बाहुली त्या मोटारींच्या आधी काढली होती.

‘ब्लू पीटर’ या मुलांच्या पंचमिसळ कार्यक्रमावर जरा थांबायला हवं, कारण ‘जुना काळ प्रामाणिक’ या समजाची खरी परीक्षा तिथं होते. कार्यक्रमाची सूत्रं साठच्या दशकापासून १९८८ पर्यंत बिडी बॅक्स्टर या बाईंकडे होती. लहानपणी त्यांनी प्रसिद्ध बाललेखिका एनिड ब्लायटनला पत्र लिहिलं, सुरेख उत्तर आलं. हरखून दुसरं पत्र लिहिलं, तर शब्दन् शब्द तेच उत्तर पुन्हा आलं. ते त्यांना इतकं लागलं की ‘ब्लू पीटर’मध्ये त्यांनी पत्र पाठवणाऱ्या मुलांच्या कार्डांची पेटीच ठेवायला लावली. कुणी काय लिहिलं, काय उत्तर दिलं, सगळं नोंदलेलं. तेच मूल पुन्हा लिहितं तेव्हा त्याला नवं उत्तर जायचं. हजारो पत्रांच्या ढिगाऱ्यात हे करणं म्हणजे माणसं, पगार, कपाटं, वेळ. मदतीच्या आवाहनांतही पैसे मागायचे नाहीत, जुनी तिकिटं, चंदेरी कागद असलं काही मागायचं, म्हणजे गरीब घरातलं मूलही मागे राहू नये. ही बारीक नजर कुठल्या सरकारी आदेशातून आली नव्हती.

आणि हाच कार्यक्रम सोवळा होता का? १९६२ मध्ये ‘ब्लू पीटर’नं एक कुत्र्याचं पिल्लू दाखवलं. दोन दिवसांत ते मेलं. बॅक्स्टरबाई आणि त्यांचे सहकारी एडवर्ड बार्न्स लंडनभर हिंडले, तसंच दिसणारं दुसरं पिल्लू शोधून आणलं आणि काही झालंच नाही अशा थाटात पडद्यावर ठेवलं. ‘पेट्रा’ म्हणून देशानं वर्षानुवर्षं ज्या कुत्रीवर माया केली, ती ही दुसरी. उलट २००६ मध्ये फोनच्या स्पर्धेत यंत्रणा बिघडली म्हणून स्टुडिओ बघायला आलेल्या एका मुलीलाच विजेती बनवलं गेलं. ते उघडकीला आलं तेव्हा ऑफकॉम या नियामक संस्थेनं बीबीसीला ५० हजार पौंड दंड केला. मांजराच्या नावासाठी घेतलेल्या मतदानात प्रेक्षकांनी निवडलेलं नाव डावलल्याचंही याच सुमारास बाहेर आलं आणि जाहीर माफी मागावी लागली. जुन्या काळी लबाडी कमी होती असं यातून तरी दिसत नाही. हिशोब मागणारं कुणी नव्हतं, एवढं दिसतं.

दर्जा स्पर्धा नसल्यामुळे नव्हता, तर कशामुळे होता? माझं उत्तर: मुलांसाठी वेगळा विभाग, त्याचा स्वतःचा पैसा, आणि मुलांना बातम्यांपासून नाटकापर्यंत सगळं लागतं हे मानणारी माणसं. हा विभाग बीबीसीच्या आतच एकदा जवळजवळ मोडला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुलांची नाटकं नाट्यविभागाकडे गेली, करमणूक करमणूक विभागाकडे, आणि उरलेलं महिलांच्या कार्यक्रमांबरोबर ‘कुटुंब’ या विभागात. नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झालेलं ‘डॉक्टर हू’ हे विज्ञानकथांचं मालिकानाट्य बालविभागाचं नाही, ते याच नाट्यविभागाचं. (त्याच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचा लखनौचा, हे जाता जाता.) माझ्या मुद्द्याला छेद देणारी गोष्टही सांगितली पाहिजे: ‘प्ले स्कूल’ आणि ‘जॅकनोरी’ याच मोडतोडीच्या वर्षांत जन्मली. दोन्हींमागे जॉय व्हिटबी ही एकच जिद्दी बाई होती. ‘प्ले स्कूल’ तर बालवाड्या फार थोड्या असलेल्या देशात घरी बसलेल्या मुलांसाठी काढलेलं. बीबीसी टू या बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीच्या उद्घाटनाच्या रात्री लंडनची वीज गेली, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाहिनीचा पहिला पूर्ण कार्यक्रम होण्याचा मान त्यालाच मिळाला. पण मुलांच्या नाटकांचे मात्र हाल झाले. १९६७ मध्ये मोनिका सिम्स यांच्या हाताखाली विभाग पुन्हा उभा राहिला, मग अ‍ॅना होम यांनी नाटकांचा धागा परत जुळवला. लेखक फिल रेडमंडची ‘ग्रेंज हिल’ची कल्पना व्यावसायिक कंपन्यांनी नाकारलेली, होमबाईंनी उचलली. साध्या सरकारी शाळेतली मुलं, शिव्या नसल्या तरी मारामाऱ्या, चोऱ्या, आणि १९८६ मध्ये हेरॉइनच्या नादी लागलेला झॅमो हा विद्यार्थी. पालकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. ‘निर्मळ’ म्हणून आज ज्या काळाचं कौतुक होतं, त्या काळातले पालक असे खवळलेले होते.

याच सिम्सबाईंनी १९७१ मध्ये अमेरिकेचा ‘सेसमी स्ट्रीट’ हा छोट्यांचा कार्यक्रम घ्यायला नकार दिला. मुलांकडून ठरावीक उत्तरं वदवून घेण्याचा त्यातला हुकूमशाही सूर त्यांना खटकला. ‘बघा, बीबीसीनं वेगवान कार्यक्रम नाकारला’ म्हणून हे उदाहरण दिलं जातं. मला त्यात तत्त्वाबरोबर स्वतःच्या ‘प्ले स्कूल’ची राखणही दिसते.

आता टेलिटबीज. पहिला भाग ३१ मार्च १९९७. ते बीबीसीनं स्वतः बनवलेलं नव्हतं, अ‍ॅन वुड यांच्या रॅगडॉल या स्वतंत्र कंपनीचं होतं. वुडबाईंबरोबर हा कार्यक्रम घडवणारा अँड्र्यू डेव्हनपोर्ट वाचाशास्त्र शिकलेला. ज्या कार्यक्रमानं मुलांची वाचा बिघडते असा ठपका आहे, तो त्या शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाचा! आणि वेग? टेलिटबीजच्या पोटावर पडदा असतो, त्यात खऱ्या मुलांची छोटी फिल्म दिसते, आणि संपली की तीच्या तीच पुन्हा दाखवली जाते. यापेक्षा संथ काय करायचं? बाजाराचा आरोप मात्र खरा आहे. बाहुल्या दुकानांतून संपत होत्या आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. पण तो मफिनचाच रस्ता होता, फक्त रुंद झालेला.

‘आता काही उरलं नाही’ हेही तपासू. फेब्रुवारी २००२ पासून बीबीसीच्या मुलांसाठी दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत: छोट्यांसाठी सीबीबीज आणि मोठ्या मुलांसाठी सीबीबीसी. जानेवारी २०२१ मध्ये कोविडमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा आठवड्याच्या आत सीबीबीसीवर रोज सकाळी तीन तास प्राथमिकचे पाठ सुरू झाले. ज्यांच्या घरी इंटरनेट धड नव्हतं, त्यांना ते उपयोगी पडले.

घसरण झाली आहे, पण मजकूर सांगतो त्या कारणानं नाही. २००३ च्या कायद्यानं व्यावसायिक वाहिन्यांवरचं मुलांच्या कार्यक्रमांचं बंधन सैल केलं. पुढे २००७ पासून मुलांच्या कार्यक्रमांभोवतीच्या जंक फूडच्या जाहिरातींवर निर्बंध आले. निर्णय आरोग्याच्या दृष्टीनं योग्य, पण त्या जाहिरातींवर चालणारे कार्यक्रम उघडे पडले, आणि आयटीव्हीनं तर त्याआधीच, २००६ मध्ये, मुलांचे कार्यक्रम बनवणारा स्वतःचा विभागच बंद केला होता. बीबीसी जवळजवळ एकटी गिऱ्हाईक उरली. स्पर्धा गेल्यावर सोन्याचा काळ यायला हवा होता ना? झालं असं, की २०१२ च्या अखेरीस बीबीसी वन या मुख्य वाहिनीनं मुलांचे कार्यक्रम थांबवले आणि मे २०२२ मध्ये सीबीबीसी पुढे फक्त इंटरनेटवर न्यायचा बेत जाहीर झाला. त्याच २०२२ मध्ये, बीबीसीखेरीज इतर वाहिन्यांवर मुलांचे ब्रिटिश कार्यक्रम व्हावेत म्हणून सरकारनं तीन वर्षांसाठी दिलेला ५ कोटी ७० लाख पौंडांचा निधीही मुदत संपल्यावर पुढे चालू ठेवला गेला नाही.